नकाशाचाही सातबारा द्या : मोजणीवाल्यांना आणि जीआयएसवाल्यांना खुलं पत्र

मोजणी खात्यातले साहेब लोक, साखळीपासून उपग्रहावरनं जागा सांगणाऱ्या रोव्हरपर्यंत सगळं हाताळलेले जुने भूकरमापक, आणि कंपन्यांमधे हेडफोन लावून जीआयएसवर, म्हणजे कम्प्युटरच्या नकाशांवर, गावंच्या गावं डिजिटाइझ करणारी माझ्या धंद्यातली पोरंपोरी, सगळ्यांना नमस्कार. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मे महिन्यात गावाकडनं चुलतभावाचा फोन आला. पाऊसपाणी, आंबा कसा आलाय वगैरे काही नाही, डायरेक्ट मुद्द्यालाच हात. "तुझ्या त्या जीआयएसनं आपली विहीर शेजाऱ्याच्या रानात नेऊन ठेवली." मी म्हणलं दादा माझं काय जीआयएस, मी का काढलाय तो नकाशा, तर म्हणे तूच ना त्यातला, मग आम्ही कुणाला विचारायचं. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट. खाली सॅटेलाइट फोटो, वर गट नंबरांच्या पिवळ्या रेघा, आणि आमची विहीर, आजोबांनी ७२ च्या दुष्काळाआधी खोदलेली, ती रेघेच्या पलीकडे. शेजाऱ्याच्या पोरानं गावच्या ग्रुपवर टाकला होता, दोन हसऱ्या इमोजी लावून. तीन पिढ्या बांधाला बांध लागून आहोत, बांध कोरण्यावरनं होणारी वर्षातली एक कुरबुर सोडली तर संबंध चांगले, आणि आता दादाला रात्रीची झोप नाही.

मी स्क्रीनशॉट मोठा करून बघितला तर लगेच लक्षात आलं. नाल्याची रेघ नाल्यात नव्हती, शीव रस्त्याची रेघ रस्त्याशेजारच्या उसातनं चालली होती, आणि सगळं एकाच दिशेला, ईशान्येला, आठ-नऊ मीटर. फोन लावून सांगितलं, "दादा, एकटी विहीर नाही गेली, सगळं गावच सरकलंय." त्यावर तो शांतपणे म्हणला, "मग गाव परत जागेवर आण."

आता हे त्याला कसं समजावायचं यावर मी दोन-तीन दिवस विचार करत होतो आणि समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की चूक समजावण्यात नाहीये. त्याला जी माहिती मिळायला हवी ती कुणी दिलेलीच नाही, आणि ती न देण्यात माझाही हात आहे. म्हणून हे पत्र.

आधी माझी कबुली. कॉलेज संपल्या संपल्या मी पुण्यात एका कंपनीत लागलो, जुने गाव नकाशे स्कॅन करून आलेले असायचे, त्यावर माऊसनं रेघा गिरवायच्या, शीटमागे पैसे. दिवसाला जास्तीत जास्त शीट उरकायच्या एवढंच डोक्यात. हे मूळ नकाशे तुम्ही बघितलेत, कापडावर चिकटवलेले, घड्या पडून पडून फाटलेले, कुठे पान खाल्लेल्या बोटाचे डाग. एका शीटवर मधोमध बारीक सरळ रेघ होती, मी ती बांध समजून काढली. एका गटाचे दोन तुकडे झाले, एकात नंबर, दुसरा बिननंबरी. सॉफ्टवेअरनं एरर दिली, बिननंबरी पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, चालत नाही, मग मी तोच नंबर दुसऱ्या तुकड्यालाही चिकटवला, एरर गेली, क्यूसी म्हणजे कामाची तपासणी पास. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाच्या शीटवर बरोब्बर त्याच जागी तशीच रेघ दिसली तेव्हा ट्यूब पेटली की ही कागदाची घडी आहे. टीम लीडरला जाऊन सांगितलं, तो म्हणला डिलिव्हरी गेली, आता राहू दे. मी राहू दिलं. तेव्हा वय तेवीस, आणि पुढच्या शीटचे पैसे दिसत होते. तो गट कुणाचा, त्याला पुढे काय निस्तरावं लागलं, की कुणाच्या लक्षातच आलं नाही, मला आजवर माहीत नाही.

घडीची रेघ हा तरी विनोदी प्रकार. रोजची गोष्ट वेगळीच असायची आणि ती जास्त महत्त्वाची आहे. स्कॅन केलेला नकाशा खऱ्या पृथ्वीवर बसवायचा, त्याला आपण जिओरेफरन्सिंग म्हणतो, त्यासाठी नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडतील असे पॉइंट घ्यायचे. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड, जुना पूल, नाल्याचा काटकोनी वळसा, असं काहीतरी. दगड कधीच कुणीतरी उपटून गोठ्याच्या पायात घातलेला असतो, मग मिळेल त्यावर भागवायचं. पॉइंट दिले की सॉफ्टवेअर नकाशा ताणतं, दाबतं, फिरवतं आणि शेवटी एक आकडा दाखवतं, आरएमएस एरर. म्हणजे तुझा नकाशा साधारण एवढ्यानं चुकतोय बाबा. हा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला की आम्ही ओके दाबायचो आणि विंडो बंद. संपलं. तो आकडा त्या विंडोबरोबर गेला. दादाच्या मोबाईलवर रेघ पोचली, आकडा नाही पोचला.

आणि रेघ पण कशी, चोवीस कॅरेट. कागदाच्या नकाशाला एक प्रकारची लाज होती असं मला वाटतं. १:१०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर ५ मीटर, हिशोब अगदी साधा आहे, आणि कागद डोळ्याजवळ नेला की रेघ जाड दिसायची, शाई पसरलेली दिसायची, तलाठी पण म्हणायचा की यावरनं बांध ठरत नसतो, मोजणी आणा. स्क्रीनवर तुम्ही कितीही झूम करा, रेघ बारीकच राहते. पाच मीटर जाडीची रेघ केसासारखी दिसते, आणि खाली फोटोत विहिरीचा कठडा, मोटारीची पाइप, उभी केलेली मोटरसायकल सगळं दिसत असतं. मग माणूस म्हणणारच की बघा, विहीर पलीकडे आहे. त्याची काही चूक नाही.

मोठी चूक झाली तर उलट बरं असतं. पृथ्वीच्या आकाराची दोन गणितं, जुना एव्हरेस्ट स्फेरॉइड आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४, यांची गल्लत झाली तर आपल्याकडे नकाशा शंभरेक मीटर सरकतो, गावठाण नदीत जातं, शेंबडं पोर पण सांगेल की हे चुकलंय, आणि कुणीतरी दुरुस्त करतं. आठ-नऊ मीटर ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती खरी वाटते.

बरं, मूळ मोजणी वाईट होती असंही नाही. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीचं सर्वेक्षण सुरू केलं, तिथपासूनच्या परंपरेवर आपलं खातं उभंय. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांच्या जरासा वर. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. हे ज्यानं बसवलं त्याला माझा दंडवत, आजही म्हातारी माणसं पावलं टाकून गुंठे सांगतात आणि फार चुकत नाहीत. पण खरी मोजमापं गाव नकाशात नसतात हो, ती टिपणात असतात. प्रत्येक सर्व्हे नंबरचं टिपण, त्यावर कुठून कुठे किती साखळी किती आणे हे आकड्यात लिहिलेलं. गाव नकाशा म्हणजे अशी टिपणं जोडून काढलेलं एकत्र चित्र. त्यात पुढे १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना आली, बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, मग पोटहिस्से, वाटण्या, त्यातल्या कितीतरी नुसत्या सातबारावर फिरल्या, नकाशावर आल्याच नाहीत. आणि आम्ही डिजिटाइझ काय केलं तर बहुतेक वेळा ते एकत्र चित्र, कारण ते पटकन होतं. टिपणातले आकडे एक एक टाइप करून शिवार उभं करायचं म्हणजे कंबरडं मोडतं. ते केलं तर रेघ खरी येते हे खात्यातल्या जुन्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता कुणाला वाटेल हा बाबा जीआयएसच्या विरोधात आहे, पोट त्याच्यावरच भरतो आणि त्यालाच शिव्या देतो. नाही हो. माझ्या लहानपणी मोजणी यायची म्हणजे लग्नाइतकी धावपळ, साखळी धरायला माणसं द्या, झुडपं तोडा, तंटा नको म्हणून सरपंचाला बोलवा, दिवस जायचा, आणि शेजारी आडवा झाला की परत पुढच्या वर्षी. आता राज्यात ७७ कॉर्स स्टेशनं आहेत, म्हणजे जीपीएसची चूक काढून देणारी एका जागी बसवलेली केंद्रं, त्यांचं करेक्शन घेऊन एकटा माणूस रोव्हरची काठी घेऊन फिरतो आणि फिक्स मिळालं की दोन-चार सेंटिमीटरवर पॉइंट येतो. झाडाखाली फिक्स मिळेना म्हणून घाम पुसत उभा राहतो ते सोडा. साखळीच्या झोळापेक्षा, उन्हात ती लांबायची त्यापेक्षा, आणि कुणाच्या तरी मेव्हण्यानं मुद्दाम सैल धरायची त्यापेक्षा हे हजारपट बरं.

आणि जीआयएसची खरी मजा एका लेयरमधे नाहीच, थरावर थर टाकल्यावर आहे. मी एकदा उन्हाळ्यात एका तालुक्याच्या टँकरच्या कामात होतो. यादीत गावं, प्रत्येक गावाचा नकाशावर एक ठिपका, ठिपका गावठाणात. टँकर गावठाणात जातोय, रेकॉर्ड एकदम क्लीन. मग आम्ही घरांचा लेयर टाकला, रस्त्यांचा टाकला, उंचीचा टाकला, तर दिसलं की पाणी ज्यांना नाहीये त्या वाड्या वर डोंगराच्या अंगाला तीन-चार किलोमीटरवर, आणि गावठाणात तर नळ आहे. ठिपक्याला पाणी मिळत होतं, माणसांना नाही. ही गोष्ट वाडीतल्या बायका रोज डोक्यावर हंडा घेऊन सांगतच होत्या, पण मीटिंगमधे नकाशा दाखवला तेव्हा पाच मिनिटात निर्णय झाला. यात आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं मला अजून कळलेलं नाही.

पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेचं काम बघा. पुणे, सांगली अशा ठिकाणी वस्त्यांमधे घर न् घर फिरून सर्व्हे केला, तो नकाशावर चढवला, कुठल्या घराला संडास आहे, कुठल्या नाही, ड्रेनेज लाइन कुठून जाते, आणि त्यावरनं घरटी संडास बांधायचं ठरवलं. सरकारी नकाशात जिथे नुसता करडा पट्टा होता तिथे घरं दिसायला लागली. नकाशावर असणं म्हणजे काय हे ज्याला पट्टा म्हणून सोडून दिलंय त्यालाच विचारावं.

गावठाणाचं पण तसंच होतं. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं कागदच नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, बस. मल्हारगडाच्या पायथ्याचं सोनोरी, पुरंदर तालुक्यातलं, तिथे ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग आपल्याकडे झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना म्हणून तेच सुरू झालं, आणि पुढे देशभर गेलं. लोकांच्या हातात मिळकत पत्रिका यायला लागल्या. बँकेत दाखवायला कागद मिळाला. चांगलं काम आहे, निर्विवाद.

पण एक सांगतो. ड्रोन वरनं काय बघतो? छप्पर. भिंत नाही बघत. आणि गावातली निम्मी भांडणं भिंत आणि छपराच्या मधे राहतात. पागोळीची जागा कुणाची, तुझ्या पत्र्याचं पाणी माझ्या अंगणात, तुझी वळचण माझ्या बोळात. फोटोवरनं पॉलिगॉन काढणारा पोरगा पत्र्याच्या कडेवरनं रेघ ओढणार, त्याला काय माहीत भिंत दीड हात आत आहे. यावर उपाय म्हणून आधी चुना टाकून हद्दी आखतात, मालकानं उभं राहून सांगायचं, मग उड्डाण. अगदी बरोबर पद्धत. फक्त आमच्या आळीतली तिसरी-चौथी घरं कुलूपबंद, माणसं मुंबई-पुण्याला-सुरतेला, ते गणपतीला येणार, ड्रोन येणार मंगळवारी. मग चुना कोण टाकतं? जो गावात आहे तो टाकतो. स्वतःच्या सोयीनं थोडा इकडे-तिकडे. आणि एकदा का मिळकत पत्रिकेवर आकृती आली की ती आकृती बोलते, कुलूप बोलत नाही.

नकाशात जे नाही ते नाहीच, असं मानायची सवय लागते ना, ती मला सगळ्यात जास्त घाबरवते. पाणंद वर्षातनं आठ महिने गाडीवाट असते आणि पावसाळ्यात चिखल, फोटो ज्या महिन्यातला असेल तसं. जनावरांची वाट, वहिवाटीनं चालत आलेला बांधावरचा रस्ता, ज्यासाठी महसूल कायद्याच्या १४३ कलमाखाली तहसीलदाराकडे खेटे घालावे लागतात, हे फोटोत बघून सांगता येत नाही. पण हे सगळं परवडलं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाच्या अंगाला वसलेली ठाकरवाडी, वर गाडीरस्ता नाही, बचाव पथकं भर पावसात चालत वर गेली, मोठी मशिनं नेताच आली नाहीत. आणि ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. त्याआधी माळीण झालं होतं, ३० जुलै २०१४, त्यानंतर तळिये, आणि अशी बाकीची. मी यात कुणाला दोष देत नाहीये, दरडीचा अंदाज सोपा नसतो, उतार, माती, पाऊस, पाण्याचे झरे, झाडतोड, असे पाच-सात लेयर एकत्र करून रंग भरायचे असतात, लाल, केशरी, हिरवा. पण मी स्वतः असे रंग भरलेत म्हणून सांगतो, जिथे माहितीच नसते तिथे काय रंग येतो माहितीये? बऱ्याच वेळा पांढरा. किंवा खालचा फोटो तसाच दिसतो. आणि बघणारा त्याचा अर्थ लावतो, धोका नाही. "तपासलं, धोका नाही" आणि "कुणी तपासलंच नाही" या दोन्हीला आपल्या नकाशात एकच रंग. हे तर आज संध्याकाळी बदलता येईल हो, एक तिरक्या रेघांचा पॅटर्न भरा आणि लेजंडमधे, म्हणजे रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, लिहा, इथे पाहणी झालेली नाही. सॉफ्टवेअरमधे दोन क्लिकचं काम.

वनहक्काच्या बाबतीत तरी हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची, तेव्हा तुझ्या ताब्यात जंगलातली जमीन होती का ते दाखव. मग सॅटेलाइट फोटो आले. गुजरातमधे डेडियापाड्याकडे आर्च वाहिनी या संस्थेबरोबर काम करणाऱ्या आदिवासी गावांनी स्वतः जीपीएस हातात घेऊन प्लॉट मोजले, जुन्या सॅटेलाइट फोटोवर टाकले आणि नाकारलेले दावे परत उभे केले. म्हणजे हत्यार तेच, हात बदलला. दुसरीकडे असंही झालं की फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळा. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची पट्टी, मधे मोहाची चार झाडं ठेवलेली, ती वरनं जंगलच दिसणार ना. शेवटी २०१२ च्या सुधारित नियमांत लिहावं लागलं की सॅटेलाइट फोटो बाकीच्या पुराव्याला पूरक म्हणून चालेल, त्याची जागा घेणार नाही. हे वाक्य मला इतकं आवडतं की आपल्या प्रत्येक ऑनलाइन नकाशाच्या डोक्यावर लावावं वाटतं.

"हा नकाशा फक्त माहितीसाठी" असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मला माहितीये, तुम्ही तेच उत्तर देणार. पण त्यानं तुमची सुटका होते, दादाची नाही. त्याला किती मीटर माहितीसाठी आणि किती मीटर खरं हे कळत नाही. एक मीटर? दहा? पन्नास?

म्हणून माझी मागणी अशी आहे, आणि ती एकच आहे. सातबारावर आपण काय काय लिहितो बघा. जमीन कुणाची, क्षेत्र किती, कुणाचा बोजा, आणि प्रत्येक बदलाचा फेरफार नंबर, कधी, कशावरनं. गावातला अडाणी म्हणवणारा माणूससुद्धा फेरफार वाचतो, चुकीचा असला तर हरकत घेतो, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे ती. मग नकाशातल्या रेघेलाच सातबारा का नाही? रेघेवर बोट ठेवलं की उघडावं, ही रेघ अमुक सालच्या गाव नकाशावरनं गिरवलेली, मूळ स्केल १:१०,०००, डिजिटायझिंग अमुक साली, जमिनीवर बसवताना चूक ८ मीटरच्या आत, टिपणाशी पडताळलेली नाही. किंवा, ही रेघ रोव्हर मोजणीची, अमुक तारखेची, चूक ५ सेंटिमीटरच्या आत, दोन्ही खातेदार हजर. धंद्याच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात आणि तो भरायचा म्हणजे सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, मी पण शीट उरकायच्या नादात 'एनए एनए' टाइप करून कित्येक फायली दिल्यात. पण लोकांना मेटाडेटा नकोय, त्यांना फेरफार पाहिजे. तो शब्द वापरा, बघा भरला जातो की नाही.

आणि रेघ पण तशी दाखवा. ८ मीटरची चूक असेल तर झूम केल्यावर ८ मीटर रुंद धूसर पट्टा दिसू दे, त्याच्या मधे कुठेतरी बांध आहे असा. दिसायला घाण दिसेल, प्रेझेंटेशनमधे साहेबांना आवडणार नाही, माहितीये. मोजून झालेले गट ठळक बारीक रेघेत, न मोजलेले पट्ट्यात. मग गावच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून बघा कोण हसतं. ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या रानात उभा राहून फोटो काढतो आणि अ‍ॅप त्यालाच म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात, १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेली ही योजना मला मनापासून आवडते, शेतकऱ्यानं स्वतः आपलं पीक नोंदवायचं ही कल्पनाच भारी, पण तिच्याखालचा नकाशा सरकलेला असेल तर माणूस आपल्याच शेतात परका ठरतो. पट्टा माहीत असेल तर अ‍ॅपला पण जरा सबुरीनं घेता येईल. क्षेत्राचं पण तेच, सातबारावर १ हेक्टर २० आर आणि पॉलिगॉन मोजला तर १ हेक्टर १७, मग लोक विचारतात आमचे तीन गुंठे कुठे गेले. कुठेच नाही गेले, पण हे कुणी लिहून ठेवायला नको का?

कंपनीतल्या पोरांना वेगळं सांगायचंय. शीटमागे पैसे आहेत तोवर घडीला बांध समजणारा मी काही शेवटचा नाही. पण शंका आली की ती लिहायला एक कॉलम तरी ठेवा. 'रेघ संशयास्पद', एवढंच. आमच्या डेटाबेसमधे शंकेला कॉलमच नव्हता म्हणून मला नंबर कॉपी करावा लागला, खरं सांगतोय, आज बसून विचार केला की वाटतं तेवढा एक कॉलम असता तर माझ्यासारख्या आळशी पोरानं पण त्यात टिक केली असती. आणि वर्षातनं एकदा तरी ज्या गावाचं काम केलं त्या गावात जाऊन या, आपण गिरवलेल्या नाल्यात पाय घालून या.

राहिला डेटा. नकाशा बघता येतो पण नुसतं चित्र, शेपफाइल, म्हणजे त्या रेघांचा मूळ डेटा, मागितली की अर्जाची फाइल टेबलांवर फिरायला लागते. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नकाशांचे नियम बरेच सैल केले, पूर्वीची परवान्यांची भानगड गेली, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे, मी गावातल्या बारावीच्या दोन पोरांना चार रविवारांत शिकवलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर शाळेपासून प्रत्येक वस्तीचं चालायचं अंतर काढलं. ग्रामपंचायतीला आपल्या शिवाराचे लेयर द्या, जमिनीवर काय आहे ते ती पोरं तुम्हाला फुकटात सांगतील. कुणाच्या नावावर किती जमीन हे तेवढं लेयरमधनं काढून द्या म्हणजे झालं, जमिनीच्या दलालांना आयती यादी नको, ते आधीच हायवेच्या आखणीचा नकाशा आपल्या आधी बघून बसलेले असतात.

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर माफी असावी.

तुमचाच,
एक जुना डिजिटायझर

ता.क. विहिरीचं विचारणारच तुम्ही. हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला होता, पावसाळा संपल्यावर नंबर लागला. भूकरमापक रोव्हर घेऊन आला, शांत पोरगा, शेजारी पण हजर, चहा झाला. विहीर आमचीच, रेघेपासून चांगली सहा मीटर आत. फक्त मागच्या अंगाचा बांध, जिकडे कुणी बघतच नव्हतं, तो आम्हीच दीड फूट कोरून पुढे नेलेला निघाला. शेजाऱ्याच्या पोरानं यावेळी फोटो नाही टाकला, ते त्याचं मोठेपण. रात्री दादाचा फोन. आवाज एकदम खाली, "तू ते प्लसमायनस का काय म्हणत होतास, आठ-नऊ मीटरचं, त्यात हे दीड फूट बसवता येतंय का बघ की." मी म्हणलं दादा नाही बसत, ते मोबाईलवरच्या नकाशाचं होतं, हा रोव्हर होता.